परदेशात दिसणारी मराठी वाहिनी आणि न दिसणारं वऱ्हाड

(वाशिम इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

समोर बसलेल्यांना नमस्कार, आणि जे हे मागाहून दूर कुठंतरी, कदाचित दुसऱ्या देशात, वाचणार किंवा ऐकणार आहेत त्यांनाही नमस्कार. आजचा विषय खरं म्हणजे त्यांचाच आहे.

परदेशात राहणारा मराठी माणूस घराच्या छपरावर एक थाळी लावतो, महिन्याचे पैसे भरतो आणि आपल्या देशातली वाहिनी आपल्या बैठकीत आणतो. आपल्याकडं खेड्यात तिला छत्री म्हणतात. या छत्रीबद्दल आजवर जे बोललं गेलं, लिहिलं गेलं, त्याचा सूर बहुतेक एकच असतो. वाहिनीमुळं परदेशात मराठी टिकली, मुलांच्या कानावर भाषा पडत राहिली, घराशी नातं राहिलं. ही गोष्ट खोटी नाही. पण ती तपासून घेण्याची गरज आहे. नातं राहिलं म्हणता, पण नेमकं कोणत्या घराशी राहिलं? वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या आपल्या सहा तालुक्यांतून जी मुलं शिकून बाहेर गेली, त्यांच्या छत्रीवर जे घर उतरलं ते त्यांचं होतं का? माझं उत्तर आहे, फार थोडं. आणि त्याचा परिणाम टीव्हीपुरता राहिला नाही. तो नातवाच्या आणि आजीच्या बोलण्यापर्यंत येऊन पोचला. आज एवढं एकच मांडायचं आहे.

आधी ही वाहिनी तिकडं पोचली कशी ते थोडक्यात पाहू.

परदेशातल्या मराठी लोकांचं एकत्र येणं टीव्हीपेक्षा फार जुनं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभं राहिलं. त्या काळात घरचं काही ऐकायचं तर कॅसेट. कुणी भारतातून आलं की त्याच्या बॅगेत लोणचं, पापड, दिवाळी अंक आणि नाटकाची, गाण्याची कॅसेट. ती घरोघर फिरायची, फीत झिजेपर्यंत. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ अशाच घरांतून आवडीनं ऐकलं गेलं. नाव ऐकून आपल्याला वाटतं, चला, आपलं वऱ्हाड लंडनला निघालं! पण ते वऱ्हाड लग्नाचं, आणि त्यातली बोली मराठवाड्याची. म्हणजे तिथंही आपला नंबर हुकलाच. (हशा)

मग उपग्रह आले. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही ‘एशियासॅट’ उपग्रहावरून सुरू झाला. तो हिंदी. मराठीतली खासगी वाहिनी यायला १५ ऑगस्ट १९९९ उजाडला. तिचं नाव अल्फा मराठी, २००५ मध्ये ती झी मराठी झाली. २००० साली ई टीव्ही मराठी आली, तिचं पुढं कलर्स मराठी झालं. २००८ मध्ये स्टार प्रवाह आली. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी होतीच.

इथं थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल. असा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो. म्हणून खालून पाहिलं तर तो आकाशात एकाच जागी दिसतो. थाळी एकदा त्याच्याकडं रोखली की झालं. पण एका उपग्रहाला पृथ्वीचा साधारण तिसरा हिस्सा दिसतो. आशियावर उभा असलेला उपग्रह अमेरिकेतून दिसत नाही, मधे पृथ्वीचं पोट येतं. आखातातल्या मराठी माणसाला आशियाई उपग्रह त्यामानानं सोपा होता. अमेरिकेतल्या माणसासाठी मात्र तेच कार्यक्रम तिकडच्या दुसऱ्या उपग्रहावर चढवावे लागले. तिकडची कंपनी ते पॅकेज करून विकणार, आणि कित्येकांना त्यासाठी छपरावर एक जादा थाळी लावावी लागली. भाड्याच्या घरात असेल तर घरमालकाची परवानगी काढायची, थाळीसमोर झाड येत असेल तर जागा बदलायची. आणि वेळेचा प्रश्न आहेच. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा. आपली रात्री आठची मालिका म्हणजे त्यांच्याकडं सकाळ, ऑफिसला पळायची वेळ. म्हणून तिकडं ती त्यांच्या संध्याकाळच्या वेळेला लावली जाऊ लागली.

हे सगळं सांगण्याचं कारण, माणसानं यासाठी पैसे, वेळ आणि खटपट खर्च केली. विरंगुळाच हवा असता तर तिकडं इंग्रजीत शेकडो वाहिन्या होत्या. त्याला घर हवं होतं. म्हणून त्याच्या हातात काय पडलं ते तपासायला हवं.

आता मी तुम्हाला परदेशातून परत वाशिमला आणतो, कारण गंमत इथं आहे.

मराठी टीव्हीच्या आठवणींचे लेख तुम्ही वाचले असतील. ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘आमची माती आमची माणसं’. वाचताना वाटतं, साऱ्या महाराष्ट्राचं लहानपण या कार्यक्रमांत गेलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण जमिनीवरच्या मनोऱ्यातून निघणारी लहर फार तर शे-सव्वाशे किलोमीटर जाते. मुंबईहून वाशिम पाचशे किलोमीटरच्या पलीकडं. त्या दहा वर्षांत वाशिमच्या घराघरात ‘गजरा’ दिसणं शक्यच नव्हतं. १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला, त्यानंतर देशभर लहान लहान प्रक्षेपक उभे राहिले, पण त्यांवरून मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम यायचा. आपल्याकडं ‘रामायण’ पाहायला गल्ली जमल्याच्या आठवणी आहेत, ‘चिमणराव’ पाहायला जमल्याच्या नाहीत. जे आपण पाहिलंच नाही, त्याची आठवण आपण कुठून काढणार?

म्हणजे पाहा. मुंबईत तयार होणारा, रोज संध्याकाळी घरात येणारा मराठी कार्यक्रमांचा सलग प्रवाह वाशिममध्ये रुजला तो केबल आणि उपग्रहाच्या जोरावर, शतक संपताना. आणि जवळपास त्याच काळात, थोड्याच वर्षांच्या अंतरानं, तो न्यू जर्सीत रुजला. तीच मालिका, तोच भाग, तीच जाहिरातीतली साडी. त्या आकाशवाटेच्या हिशेबानं वाशिम आणि न्यू जर्सी एकाच बाकावर बसलेले आहेत. दोघांकडंही ‘घर’ वरून येतं आणि दुसरीकडून येतं. परदेशातला मराठी माणूस म्हणतो, छत्रीवर मला माझं गाव दिसतं. आपण गावातच बसलोय आणि आपल्यालाही छत्रीवर आपलं गाव दिसत नाही. मग त्याला कुठून दिसणार?

आता कार्यक्रमांकडं येऊ. मी मालिका नाकं मुरडून पाहणाऱ्यांपैकी नाही. ‘आभाळमाया’नं मराठी घरात नोकरी करणारी, स्वतःचं मत असणारी बाई मध्यभागी आणली. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली. एवढा काळ लोक एका घरात येत-जात राहिले, त्याला काहीतरी कारण असणारच. माझा आक्षेप त्या घराच्या पत्त्याबद्दल आहे. हे घर बहुतेक वेळा मुंबई, ठाणे नाहीतर पुण्यात असतं. तिथली माणसं जे बोलतात ती प्रमाण मराठी, इंग्रजी शब्द मिसळलेली. आणि इतर ठिकाणची माणसं आली तर ती ‘आलेली’ असतात. मोलकरीण, रखवालदार, गावाकडचा दूरचा नातेवाईक.

मधल्या काळात यात बदल झाला, तो मान्य करायला हवा. ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणात गेली आणि मालवणी बोलली. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडं गेली, ‘लागिर झालं जी’ साताऱ्याकडं. या मालिकांत बोली आपल्या गावात आहे. तिथं सगळेच तसं बोलतात. राणादा कोल्हापुरी बोलतो म्हणून त्याच्या गल्लीत कुणी हसत नाही, कारण गल्लीच कोल्हापुरी आहे. हसू येतं ते त्याच्या बोलण्यातल्या गमतीला. तो असं बोलतो एवढ्यावरून कुणाला हसू येत नाही. हा फरक फार मोठा आहे.

आता आपल्याकडं या. विदर्भाच्या बोलीला मालिकेत नायिकापद मिळालं ते ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये. २०१६ साली सुरू झाली, वाहिनीच्या सर्वांत लोकप्रिय मालिकांपैकी एक. राधिका नागपूरकडची. नाशिकच्या अनिता दाते यांनी ती बोली मेहनतीनं उचलली आणि राधिका घराघरात आपली झाली. आपल्याकडच्या बायकांना तिचं कौतुक वाटलं ते अगदी रास्त. पण मालिकेची मांडणी पाहा. राधिका आपल्या गावात नाही. ती नवऱ्याच्या मागं मोठ्या शहरातल्या सोसायटीत आलेली आहे. तिथं तसं बोलणारी ती जवळजवळ एकटी. नवरा गुरुनाथ, ऑफिसातली शनाया, यांच्या जगात तिचं बोलणं हे तिच्या मागासलेपणाची खूण आहे. नवऱ्याला तिची लाज वाटते. पुढं ती मसाल्यांचा उद्योग उभारते, सगळ्यांना पुरून उरते, हे छानच. पण ज्या गावानं ती बोली तिला दिली ते गाव मालिकेच्या मध्यभागी कधी आलंच नाही. कोल्हापूरला गाव मिळालं, साताऱ्याला गाव मिळालं, कोकणाला तर भुताखेतांसकट गाव मिळालं. विदर्भाला एक परगावी गेलेली सून मिळाली.

परदेशातल्या वऱ्हाडी बाईच्या जागी स्वतःला ठेवून हे पाहा. तीही नवऱ्याच्या नोकरीमागं गेलेली. आजूबाजूला तसं बोलणारं कुणी नाही. मंडळाच्या कार्यक्रमात ती तोंड उघडते तेव्हा ‘मले’ आधी गिळते आणि ‘मला’ बाहेर काढते. अशा बाईनं घरचं काही दिसावं म्हणून वाहिनी लावली, आणि पडद्यावर तिला दिसली तिचीच अडचण. यात आपलेपणा आहे. पण घर नाही.

नायिकापदानंतर दुसरी जागा विनोदाची. ‘फू बाई फू’, ‘चला हवा येऊ द्या’ यांतून अमरावतीकडचे भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेर नेली. त्यांच्या हातात बोली सहज आहे, उसनी नाही. ते मोठे नट आहेत. माझी तक्रार त्यांच्याशी नाही. तक्रार अशी की वाहिनीनं आपल्या बोलीला विनोदाच्या खोलीची किल्ली दिली आणि बाकीच्या खोल्या बंद ठेवल्या. वऱ्हाडी माणूस पडद्यावर आला की प्रेक्षक हसायला सज्ज होतो. तो अजून काही बोललेला नसतो. बापाच्या मरणाबद्दल, पोरीच्या लग्नाबद्दल, प्रेमाबद्दल गंभीरपणे वऱ्हाडी बोलणारा माणूस रोजच्या मालिकेत आठवून पाहा. मला तरी पटकन आठवत नाही.

तिसरी जागा बातम्यांची. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा. त्या दिवसांत ‘वाशिम’ हा शब्द पडद्याखालच्या पट्टीत वारंवार सरकत गेला, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात. ती बातमी द्यायलाच हवी होती. पण वर्षभर वाट पाहून आपल्या जिल्ह्याचं नाव पडद्यावर आलं ते असं. परदेशात जन्मलेल्या मुलानं बापाला विचारलं असेल, हेच का तुमचं गाव? बाप काय सांगणार? की तिथं सोयाबीन-तुरीची शेतं आहेत, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे, कारंजा हे नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान आहे, वाकाटकांच्या काळी याच वाशिमला वत्सगुल्म म्हणत? यातलं काही छत्रीवर येत नव्हतं. आत्महत्या तेवढी आली.

म्हणजे हिशेब असा. एक परगावी गेलेली सून, एक विनोदी माणूस आणि एक मेलेला शेतकरी. मराठी वाहिनीनं वऱ्हाडाला दिलेल्या या तीन जागा.

आता सण. इथं हे अजून स्पष्ट दिसतं. आपल्याकडं भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. भुलोजी आणि भुलाबाई, मातीच्या मूर्ती, संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, मग खाऊ ओळखायचा. पुण्याकडं नवरात्रात भोंडला असतो. पाटावर हत्ती काढतात, त्याभोवती फेर, मग खिरापत ओळखायची. दोन्ही मुलींचे सण, दोन्हींत सासर-माहेर. भावंडंच म्हणा. पण पडद्यावर दिसतो बहुतेक भोंडला, परदेशातल्या मंडळांतही होतो बहुतेक भोंडला. वाशिमच्या लेकीची मुलगी तिकडं हत्तीभोवती फेर धरते आणि आजीला फोनवर कौतुकानं सांगते. आजीनं आयुष्यभर भुलाबाई मांडलेली. ती म्हणते, ‘वा बाई, छान.’ आणि तिची भुलाबाई तिच्याचपाशी राहते. गौरींचंही तेच. आपल्याकडं त्या महालक्ष्म्या. सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील. मालिकेतल्या घरात गणपती येतो मुंबई-कोकणच्या थाटाचा, मोदकांसकट. मोदकाशी माझं भांडण नाही, दिले तर खाईन. (हशा) पण परदेशातल्या मुलाला ‘मराठी सण’ म्हणून एवढंच माहीत झालं, तर आंबील त्याच्या लेखी परकी होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं तिच्याकडं येतो.

परदेशात वाढणारं मूल मराठी शिकतं ते आईबापाकडून, मंडळाच्या मराठी शाळेतून आणि मालिकेतून. या तिन्ही ठिकाणी आता प्रमाण मराठीच आहे, कारण मुलाशी ‘चांगलं’ बोलायचं म्हणून आईबापही घरात वऱ्हाडी टाळतात. हे मूल उन्हाळ्यात वाशिमला येतं. आजी म्हणते, ‘तुया बाप उद्या येईन.’ मुलानं शिकलंय की ‘येईन’ म्हणजे मी येणार. बाप येणार असेल तर ‘येईल’. मूल गोंधळतं, कोण येणार आहे? आजी म्हणते, ‘केयं खा.’ त्याला माहीत आहे केळं. आजी म्हणते ‘कुठी जाऊन रायला?’, ‘काऊन रडतं?’ आणि मूल आईकडं पाहतं, की हिनं आता भाषांतर करावं. मराठीचं मराठीत भाषांतर! आणि काही मुलं त्याच्याही पुढं जातात. म्हणतात, आजी चुकीचं मराठी बोलते. त्यांचा दोष नाही. ज्या मराठीला त्यांच्या जगात पडद्याचा, शाळेचा, मंडळाचा शिक्का मिळाला, तिच्या मापानं ती मोजतात.

याहून वाईट गोष्ट या टोकाला घडते. आजी स्वतःला दुरुस्त करायला लागते. नातवाचा व्हिडिओ कॉल आला की ती सावरून बसते, पदर नीट करते आणि मालिकेतल्या सासूसारखं बोलायला लागते. ‘मला’, ‘तुला’, ‘जेवलास का बाळा?’ तिनंही तीच वाहिनी पाहिलेली असते. दोन देशांत बसलेली दोन माणसं, तिसऱ्याच शहराच्या भाषेत एकमेकांना भेटतात. कॉल संपला की ती सुनेला म्हणते, ‘पोट्टं वायलं झालं वो माय.’ खरं ते हे वाक्य. ते नातवाला ऐकू गेलंच नाही.

म्हणून मी म्हणतो, परदेशातल्या मराठी वाहिनीची कसोटी ‘मूल मराठी बोलतं का’ ही असू नये. मूल स्वतःच्या आजीशी तिच्या बोलीत बोलू शकतं का, निदान ती बोलली तर समजू शकतं का, ही असावी.

हे असं का झालं? कुणी बसून वऱ्हाडाविरुद्ध कट केला नाही. मालिका तयार होतात मुंबई-ठाण्याच्या स्टुडिओत. लेखक, नट, तंत्रज्ञ तिथं राहतात, रोजचा भाग रोज द्यायचा असतो. पैसे जाहिरातीचे, आणि जाहिरातदाराला मोठ्या शहरातला खरेदी करणारा प्रेक्षक आधी हवा. परदेशातून येणारी वर्गणी ही वरकमाई. एकदा तयार झालेला माल तिकडं पाठवला की झालं, त्यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही. या हिशेबात वाशिमचा प्रेक्षक आणि न्यू जर्सीतला वाशिमकर दोघंही शेवटच्या ओळीत बसतात.

कुणी म्हणेल, बोलीत एवढं गंभीर, सलग काही उभं राहतं का? उभं राहतं, आणि ते इथंच राहिलेलं आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. म्हणजे मराठी गद्य उभं राहिलं तेच वऱ्हाडाच्या मातीत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० सालची. कौतिक नावाच्या बाईची ती गोष्ट, आणि वऱ्हाडी बोलीतले तिचे संवाद वाचून कुणाला हसू येत नाही. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी याच बोलीत कविता केली आणि ती शेतापर्यंत पोचली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा जुनेपणाचे जे पुरावे आपण अभिमानानं सांगतो त्यांत लीळाचरित्र आहे. पुराव्याला वऱ्हाड चालतं, पडद्याला चालत नाही, असं कसं?

आणि हे बोलताना आपणही स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मानोऱ्याकडच्या तांड्यातला मुलगा परदेशी गेला तर त्याच्या घरची भाषा गोरबोली. त्याला ‘घरची’ म्हणून मराठी वाहिनी मिळाली, तीही पुण्या-मुंबईची. आपण वऱ्हाडी म्हणून जी तक्रार करतो, ती त्यानं आपल्याविरुद्ध केली तर आपल्याकडं काय उत्तर आहे? तेव्हा ही तक्रार फक्त मुंबईकडं बोट दाखवून संपत नाही.

आता काळ बदलला. छपरावरची थाळी उतरते आहे, वाहिन्या ॲपवर गेल्या, परदेशातलं मूल फोनवर पाहतं. उपग्रहाच्या काळात कार्यक्रम वर चढवणं एवढं महाग होतं की ते फक्त मोठ्या कंपनीला जमायचं. आज रिसोडचा मुलगा फोनवर चित्रफीत काढतो आणि ती त्याच मिनिटाला टोरंटोत दिसते. वऱ्हाडीत असं पुष्कळ येतं आहे. त्यातलं बरंचसं पुन्हा विनोदी आहे, कारण वाहिनीनं लावलेली सवय लवकर जात नाही. पण दार उघडं आहे, आणि यापुढं दोष फक्त वाहिनीला देता येणार नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो. एक, घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या भुलाबाईची गाणी म्हणायला लावा, फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि तिकडच्या नातीला पाठवा. अर्थ विचारला तर सांगा. दोन, आजीनं व्हिडिओ कॉलवर भाषा बदलू नये. नातू अडखळेल. अडखळू द्या, मुलं चार दिवसांत शिकतात. इंग्रजी, स्पॅनिश दोन्ही पेलणाऱ्या मुलाला ‘मले’ जड जाणार नाही. तीन, परदेशात जे पैसे भरून वाहिनी घेतात त्यांनी ग्राहक म्हणून मागणी करावी. एक मालिका कारंज्यात घडू द्या, एक रिसोडात. गाव मध्यभागी असू द्या. माणसं हसू द्या, रडू द्या, भांडू द्या, आणि सगळी वऱ्हाडीत.

छत्रीनं मराठी माणसाला परदेशात एकटं पडू दिलं नाही, हे तिचं ऋण आहेच. ते मान्य करून मी एवढंच म्हणतो की तिनं दाखवलेलं घर म्हणजे सगळं घर नव्हतं. उरलेलं दाखवायचं काम आता आपल्याकडं आलं आहे.

प्रश्न : सर, वेगवेगळ्या भागांतले मराठी लोक परदेशात एकत्र येतात. प्रमाण मराठी नसेल तर ते एकमेकांशी बोलणार कसे? प्रत्येकानं आपापली बोली धरून बसलं तर मंडळंच मोडतील.

उत्तर : प्रमाण मराठी हवीच. ह्यूस्टनमध्ये बायको वाशिमची आणि नवरा सांगलीचा असेल तर दोघांना मधला रस्ता लागणारच, आणि तो प्रमाण मराठीनं दिला. मी आज तुमच्याशी त्याच रस्त्यावरून बोलतो आहे, कारण हे ऐकणारे सगळे वऱ्हाडी नाहीत. पण रस्ता घरापर्यंत जाण्यासाठी असतो. रस्त्यावरच राहायला लागलो तर घर कशाला म्हणायचं? मंडळाच्या सभेत प्रमाण मराठी बोला, आजीशी तिची बोली बोला. एका माणसाला दोन्ही येतात. आपल्या आधीच्या पिढ्यांना आल्याच ना?

प्रश्न : माझी मुलगी बाहेरदेशी आहे. नात पाच वर्षांची. मी तिच्याशी वऱ्हाडीत बोललो तर मुलगीच म्हणते, बाबा, तिला कन्फ्यूज करू नका. मग मी काय करू?

उत्तर : काका, मुलगी तिच्या लेकीच्या भल्याचंच पाहते आहे, तिच्यावर रागावू नका. तिलाही आयुष्यभर कुणीतरी सांगितलं असेल की असं बोलू नये. तुम्ही तिला आधी एक प्रश्न विचारा, ‘तू लहान असताना मी तुयाशी कोणत्या भाषेत बोलत होतो?’ त्याचं उत्तर ती देईल. मग नातीला एक गोष्ट सांगा, रोज एकच, तुमच्या बोलीत. कावळ्याचा कावया झाला तरी गोष्ट तीच राहते. पहिल्या दिवशी नात विचारेल, कावया म्हणजे काय? तेव्हा आईला मधे पडू देऊ नका. उत्तर तुम्हीच द्या.